बॉयकॉट नावाचा एक माणूस होता

मागच्या शिमग्याच्या आधी मी एक बातमी दिली होती. आमच्या तालुक्यातल्या एका गावात गावकीने एका कुटुंबाला वाळीत टाकलं होतं. कारण नेहमीचंच. देवळाच्या वर्गणीचा हिशेब विचारला, त्यावरून वाद, वादावरून दंड, दंड भरला नाही म्हणून पुढचं सगळं. वाडीतल्या कुणी बोलायचं नाही, लग्नकार्याला जायचं नाही, गिरणीवाल्याने दळण घ्यायचं नाही आणि शिमग्यात पालखी त्यांच्या दारात थांबवायची नाही. कोकणाबाहेरच्यांना कदाचित शेवटची शिक्षा फार मोठी वाटणार नाही. इथल्या माणसाला विचारा.

बातमी मीच लिहिली आणि शीर्षकही मीच दिलं, 'गावकऱ्यांचा कुटुंबावर बहिष्कार'. तीन कॉलम छापून आली. मी समाधानी.

दोन दिवसांनी त्या घरातल्या बाईंचा फोन आला. आभार मानायला केला असेल असं वाटलं, आणि त्यांनी मानलेही. मग म्हणाल्या, "पण दादा, तुम्ही बहिष्कार का लिहिलंत? बहिष्कार म्हणजे तो मतदानावर टाकतात तो ना, रस्ता होत नाही म्हणून? मागच्या निवडणुकीत आमच्या गावाने टाकलेला. त्यात आम्हीपण होतो की."

मी काहीतरी बोललो. 'कायद्यात तोच शब्द आहे ताई' वगैरे. फोन ठेवला आणि अस्वस्थ झालो. वीस-बावीस वर्षं हा शब्द मी लिहितोय. ग्रामसभेवर बहिष्कार, परीक्षेच्या कामावर शिक्षकांचा बहिष्कार, पालकमंत्र्यांच्या बैठकीवर बहिष्कार, चिनी मालावर बहिष्कार आणि आता एका घरावर बहिष्कार. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना भाषांतराच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, बॉयकॉट म्हणजे बहिष्कार. आम्ही वहीत उतरवून घेतलं. पुन्हा त्याकडे कुणी पाहिलं नाही. त्या फोननंतर मी पाहिलं. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

तर पहिली गोष्ट. बॉयकॉट हे इंग्रजीतलं क्रियापद आधी एका माणसाचं आडनाव होतं. कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट, जन्म १८३२, इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्याचा. काही वर्षं सैन्यात होता, मग आयर्लंडमध्ये जाऊन राहिला. तिथे मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराची काही जमीन होती. मालक दूर आपल्या किल्ल्यात. इकडे कुळांकडून खंड गोळा करायचं काम बॉयकॉटकडे. तो स्वतः लॉक मास्क नावाच्या तळ्याकाठी एका मोठ्या घरात राहायचा आणि शेतीही करायचा. आपल्याकडे खोताचा कारकून असायचा, तसं काहीतरी समजा. फक्त हा कारकून घोड्यावर बसणारा आणि शिस्तीचा भलता भोक्ता.

आयर्लंडची त्या वेळची अवस्था आपल्याला समजायला कठीण नाही. जमीन थोड्यांची, कसणारे हजारो. १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती, त्याची आठवण ताजी होती. १८७९ साली पुन्हा पीक बुडालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेयोमध्येच लँड लीग स्थापन झाली. मायकेल डेव्हिट तिचा मुख्य चालक, चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल अध्यक्ष. मागणी अशी की खंड रास्त असावा, कुळाला जमिनीवरून उठवू नये आणि आपला हक्क विकायची मोकळीक असावी.

१९ सप्टेंबर १८८० ला एनिस गावी पार्नेलची सभा झाली. त्याने लोकांना विचारलं, शेजाऱ्याला हाकलून रिकामी झालेली जमीन जो माणूस घेतो त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आले, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. तो रस्त्यात भेटला तर बोलू नका, दुकानात भेटला तर बोलू नका, बाजारात, चर्चमध्येसुद्धा नाही. जुन्या काळी महारोग्याला वेगळं ठेवायचे तसं त्याला एकटं पाडा.

हे भाषण वाचताना मी थांबलो. कारण पार्नेल इथे जमीनदाराबद्दल बोलत नाहीये. तो बोलतोय शेजाऱ्याची जमीन बळकावणाऱ्या दुसऱ्या कुळाबद्दल. आणि उपमा कुणाची, तर महारोग्याची. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भाषणाला तीन दिवस होतात न होतात तोच बॉयकॉटने कुळांना जमिनी सोडण्याच्या नोटिसा काढल्या. कुळं खंडात शेकडा २५ सूट मागत होती, मालक शेकडा १० वर अडला होता. नोटिसा वाटायला गेलेल्या बेलिफाच्या दोन-तीन नोटिसा वाटून होताहेत तोवर गावच्या बायकांनी चिखल आणि शेणखत फेकून त्याला पळवून लावला. (चळवळीच्या इतिहासात पहिला दगड, पहिला चिखल बहुतेक वेळा बायकांचाच असतो आणि नावं पुरुषांची राहतात. असो.)

दुसऱ्या दिवसापासून बॉयकॉटच्या घरचे गडी, मोलकरणी, तबेल्यातली माणसं कामावरून निघून गेली. लोहार नाल ठोकेना. धोबीण कपडे घेईना. बॅलिनरोबच्या बाजारातले दुकानदार सामान देईनात. टपाल आणणाऱ्या पोराला दम दिला गेला. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. उभं पीक शेतात आणि कापायला माणूस नाही.

साहेबाने काय करावं? त्याने लंडनच्या टाइम्सला पत्र लिहिलं. १८ ऑक्टोबरला ते छापून आलं आणि सगळ्या साम्राज्याला ही भानगड कळली. मग उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून ५० प्रॉटेस्टंट स्वयंसेवक पीक काढायला निघाले आणि त्यांच्या रक्षणाला सरकारने सुमारे हजारभर सैनिक पाठवले. नोव्हेंबरच्या पावसात, चिखलात, संगिनींच्या पहाऱ्यात बटाटे आणि सलगम निघाले. पिकाची किंमत साधारण ५०० पौंड आणि ते काढायचा खर्च १०,००० पौंडांच्या घरात, असा तेव्हाचा हिशेब आहे. एकेक सलगम सरकारला एकेका शिलिंगला पडला, अशी थट्टा पार्नेलने केली. पीक निघाल्यावर बॉयकॉट बायकोसह निघून गेला. डब्लिनमध्ये उतरला तर हॉटेलवाल्याला धमकीचं पत्र. डिसेंबर उजाडताच तो इंग्लंडला गेला.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. ही सगळी हकीगत अमेरिकन वाचकांना सांगायला जेम्स रेडपाथ नावाचा पत्रकार तिथे आला होता. गुलामगिरीविरोधी चळवळीतला जुना माणूस. त्याला लिहिताना शब्द सापडेना. त्याने हे नंतर स्वतःच सांगितलंय. तिथले धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांच्याकडे तो जेवायला गेला होता, पण घास उतरेना. फादरने विचारलं काय झालं. रेडपाथ म्हणाला, दुसऱ्याची जमीन बळकावणाऱ्या कुळाला लोक वाळीत टाकतात त्याला आपण सामाजिक बहिष्कार म्हणतो, पण जमीनदाराच्या किंवा त्याच्या कारभाऱ्याच्या बाबतीत तेच केलं तर त्याला पूर्ण वेगळा शब्द हवा. ऑस्ट्रसाइझ असा एक शब्द आहे, पण तो शेतकऱ्यांना कळायचा नाही. फादरने कपाळावर बोटं आपटत विचार केला आणि म्हणाले, मग त्याला 'बॉयकॉट करणं' म्हटलं तर?

झालं. रेडपाथने तो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत छापला. नोव्हेंबरात खुद्द टाइम्समध्ये आला. पुढे फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, सगळ्यांनी तो आपल्या भाषेत जसाच्या तसा घेतला. बिचारा बॉयकॉट पुढच्या वर्षी अमेरिकेला गेला तेव्हा आडनाव लपवून 'मिस्टर कनिंगहॅम' म्हणून फिरत होता. १८९७ साली तो वारला. स्वतःच्या आडनावाचं क्रियापद झालेलं जिवंतपणी रोज वाचायला मिळालेली माणसं जगात फार नसतील.

या जेवणाच्या गोष्टीत थोडंफार मीठमसाला असेल, पत्रकाराने सांगितलेली आहे. पण मला त्यातला मुद्दा महत्त्वाचा वाटतो. रेडपाथकडे 'वाळीत टाकणं' याला शब्द होता. तरी त्याला तो नको होता. गावाने आपल्यातल्याच एकाला बाहेर काढणं आणि गावाने आपल्या डोक्यावर बसलेल्याला पाठ दाखवणं, या दोन क्रिया वेगळ्या आहेत असं त्याला वाटलं. बाहेरून दिसतात सारख्या. लोहार दोन्हीकडे नाल ठोकत नाही. पण एकात जोर वरून खाली चाललाय, दुसऱ्यात खालून वर.

आपण मात्र दोन्हींना एकच शब्द ठेवला.

गंमत अशी की क्रिया आपल्याकडे आधी होऊन गेली होती. डिसेंबर १८७४, म्हणजे बॉयकॉटच्या सहा वर्षं आधी, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं कर्डे गाव. तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने हुकूमनामा मिळवून बाबासाहेब देशमुखांच्या घरावर टाच आणली. गाव चिडलं. सगळ्यांनी ठरवलं, सावकाराचं शेत कसायचं नाही, त्याच्या दुकानात माल घ्यायचा नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही. हे लोण पुणे, नगर, सोलापूर, सातारा भागांतल्या गावोगावी पसरलं. त्यातूनच पुढे मे १८७५ मध्ये सुप्यात दंगा झाला, कर्जरोखे जाळले गेले, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. शाळेच्या पुस्तकात आपण 'दख्खनचे दंगे' वाचतो, त्याआधीचे ते शांत महिने वाचत नाही. कर्ड्याच्या न्हाव्याने जे केलं तेच मेयोच्या धोबिणीने केलं. फरक एवढाच की कर्ड्याला जेवायला बसलेला अमेरिकन पत्रकार नव्हता. नाहीतर आज जगभरचे लोक एकमेकांना काळूराम करत असते.

पण कर्ड्याच्या लोकांनी हे हत्यार आणलं कुठून? त्यांना ते शिकायला कुठे जावं लागलं नाही. जात पंचायतीत, गावकीत, ग्रामण्यात ते पिढ्यानपिढ्या चालतच होतं. हुक्कापाणी बंद, रोटीबेटी बंद, न्हावीधोबी बंद. यादी तीच. फक्त या वेळी ती सावकाराच्या दारात नेऊन ठेवली. बहिष्कार हा शब्दही तिथलाच. बहिस् म्हणजे बाहेर. बाहेर करणे. १८६९ साली मुंबईत विधवेचा पुनर्विवाह झाला तेव्हा त्यात पुढाकार घेणाऱ्या विष्णुशास्त्री पंडितांवर, न्यायमूर्ती रानड्यांवर शंकराचार्यांच्या आज्ञेने बहिष्कार आला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहा प्यायली. रानडे होते, गोखले होते, टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी चहा पिणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. मग ग्रामण्य, शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशी, प्रायश्चित्त. रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून सुधारकांनी त्यांना बोल लावला. टिळकांनाही या ग्रामण्याचा ताप झालाच. एक कप चहा आणि दोन वर्षं मनस्ताप.

आणि त्याच टिळकांनी पंधरा वर्षांनी हा शब्द उचलून राष्ट्राच्या हातात दिला.

१९०५. कर्झनने बंगालची फाळणी जाहीर केली. कलकत्त्याच्या कृष्णकुमार मित्रांच्या 'संजीवनी' पत्राने जुलैत विलायती मालावर बॉयकॉटची हाक दिली आणि ७ ऑगस्टला तिथल्या टाऊन हॉलच्या सभेत ठराव झाला. मराठीत त्याला शब्द काय, यावर केसरीला फार डोकं खाजवावं लागलं नसावं. बहिष्कार तयारच होता. ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री आपण शाळेत पाठ केली. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये, दादाभाई नौरोजी अध्यक्ष असताना, त्या अर्थाचे ठराव झाले. पुढच्या वर्षी सुरतेला जोडे उडाले, त्यामागे या ठरावांचे शब्द सौम्य केले जातील ही जहालांची भीतीही होती. एका क्रियापदाची व्याप्ती केवढी, बंगालपुरती की देशभर, मालापुरती की सरकारी नोकऱ्यांपर्यंत, यावर एवढा मोठा पक्ष फुटायची वेळ आली.

इथे गोखल्यांची आठवण काढली पाहिजे. मवाळ म्हणून आपण त्यांना जरा लवकर बाजूला सारतो. १९०५ च्या बनारस काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. आपल्या भाषणात त्यांनी बंगालच्या लोकांनी हे हत्यार उचललं ते अगदी नाइलाज झाला म्हणून, असं त्यांची बाजू घेऊन सांगितलं. पण त्याच वेळी म्हणाले की बॉयकॉट या शब्दाला त्याच्या जन्मापासून एक वाईट वास चिकटलाय, तो ऐकला की दुसऱ्याला इजा करायची सूडबुद्धी आधी मनात येते. हे बोलणारा माणूस पंधरा वर्षांपूर्वी स्वतः चहाच्या ग्रामण्यात सापडला होता, हे ध्यानात घ्या.

गोखल्यांच्या शिष्यालाही हा शब्द रुचला नाही. नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीत खिलाफतीची परिषद भरली होती. विलायती मालावर बहिष्कार टाकायचा का, अशी चर्चा. गांधीजींना ते पटत नव्हतं, त्यांना त्याहून व्यापक काही सांगायचं होतं, पण हिंदी-उर्दूत शब्द सुचेना. शेवटी सभेत त्यांनी इंग्रजीच शब्द वापरला, नॉन-को-ऑपरेशन. मराठीत तो असहकार झाला. रेडपाथसारखाच प्रसंग, जेवणाचं ताट तेवढं नव्हतं. आणि तिकडे अमेरिकेत १९५५-५६ साली माँटगोमेरी शहरातले काळे लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत, त्या चळवळीला जग आजही बस बॉयकॉट म्हणतं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी नंतर लिहिलं की सुरुवातीला त्यांनाच हा शब्द खटकत होता. कारण गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटना काळ्यांची कोंडी करायला नेमकं हेच तंत्र वापरत होत्या. मग आपण करतोय ते वेगळं कसं? त्यांनी स्वतःपुरतं उत्तर काढलं की आपण एका वाईट व्यवस्थेतून आपलं सहकार्य काढून घेतोय.

तीन माणसं, तीन काळ आणि तिघांनाही एकच खडा दाताखाली आला.

खडा सगळ्यात जास्त कुणाला टोचला, ते मात्र वेगळ्याच ठिकाणी बघावं लागतं. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार गाजत होता त्याच काळात महाराष्ट्राच्या प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर बहिष्काराचा जुना अर्थ रोज जगणारी वस्ती होती. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली संस्था काढली तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. ३ एप्रिल १९२७ ला पाक्षिक काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. तारीख पाहा. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्चचा. म्हणजे महाडनंतर दोन आठवड्यांनी. देशात बहिष्कार हा शब्द देशभक्तीचा झालेला असताना त्यांनी शीर्षकातच आठवण करून दिली की या शब्दाला कर्ताच नाही, कर्मही आहे. टाकणारे आहेत तसे टाकलेलेही आहेत.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते. समितीला आढळलं ते असं. अस्पृश्यांनी कुठे हक्क सांगितला की गाव मारहाणीच्या आधी हेच करतं. शेतात काम देत नाही, वहिवाटीच्या वाटा बंद करतं, वाणी मीठमिरची विकत नाही. कारण विहिरीवर पाणी भरलं, कोट घातला, वरात घोड्यावरून काढली, इतकं साधं. या समाजाला दाबायला याहून परिणामकारक हत्यार नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

मग १९३० मध्ये लंडनला गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि रेट्टमलई श्रीनिवासन यांनी जी मागणीपत्रिका दिली, तिच्यात बहिष्काराविरुद्ध कायद्याची मागणी आहे. बहिष्कार म्हणजे काय याची व्याख्याच दिली आहे. घर-जमीन वापरू न देणं, कामाला न ठेवणं, धंद्याचा व्यवहार न करणं, रूढीने चालत आलेले संबंध तोडणं. आणि ही कलमं कुठून घेतली, तेही त्यांनी सांगितलंय. ब्रह्मदेशात १९२२ साली केलेल्या बहिष्कारविरोधी कायद्यातून. आता तो कायदा इंग्रजांनी काही तिथल्या गरिबांच्या कळवळ्याने केला नव्हता, तिथल्या राष्ट्रवादी चळवळीला लगाम घालायला केला होता. आंबेडकरांनी ते चळवळ मोडायचं अवजार घेतलं आणि उलटं धरून दुर्बळाच्या ढालीसाठी वापरायला मागितलं. वकिलाची नजर म्हणतात ती ही.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने जातीबाहेर-धर्माबाहेर काढण्याला बंदी करणारा कायदा केला. बोहरा समाजाच्या प्रमुखांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत विरोधी होतं, पण ते एकटे होते. मग पाच दशकांहून जास्त काळ आमच्या रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकलेला माणूस पोलिसात गेला की ठाणे अंमलदार विचारायचा, मारलं का? शिवी दिली का? नाही ना? मग बोलत नाहीत तर मी काय करू? मी स्वतः ऐकलेलं वाक्य आहे हे, एकदा नाही, बऱ्याचदा. खरंय की, न बोलणं हा गुन्हा कसा लिहायचा? दलितांच्या बाबतीत अॅट्रॉसिटीचा कायदा तरी होता, पण एकाच जातीच्या गावकीने आपल्याच माणसाला टाकलं तर काहीच नव्हतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जात पंचायतींविरुद्ध मोहीम लावून धरली आणि एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकमताने मंजूर केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य, याचा अभिमान आहेच.

पण कायद्याच्या नावात शब्द तोच. म्हणून मी बाईंना सांगितलं ते खोटं नव्हतं. फक्त अपुरं होतं.

भाषेकडे जरा बारकाईने पाहिलं तर त्यांचा आक्षेप किती नेमका होता ते कळतं. मतदानावर बहिष्कार टाकतो तेव्हा आपण कुणाला बाहेर काढत नाही, आपणच बाहेर राहतो. किंमत आपण मोजतो. मत आपलं वाया जातं. माँटगोमेरीचे लोक मैलोन् मैल चालत कामाला गेले, पाय त्यांचे दुखले. कर्ड्याच्या न्हाव्याची मजुरी बुडाली. उलट गावकी एखाद्या घराला टाकते तेव्हा टाकणाऱ्याचं काय जातं? गिरणीवाल्याचं दिवसाला एक पायलीचं दळण. बस. किंमत सगळी समोरचा मोजतो.

अर्थात हे एवढं स्वच्छ नसतं, हेही मेयोनेच दाखवलंय. पार्नेलचं भाषण आठवा. पहिला नेम लहान कुळावरच होता. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये बॉयकॉट अनेकदा कारभाऱ्यांपेक्षा शेजाऱ्यांवरच चालला, एखाद्या गरीब घराला पाव मिळेना, म्हाताऱ्याला कुणी भेटेना. १८८७ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. खालून वर फेकलेला दगड खाली पडतो तेव्हा कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण फक्त तो फोन नाही. गेल्या महिन्यात आमच्या शहरातल्या दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला. अमुक लोकांच्या दुकानातून घेऊ नका, अमुक लोकांचे रिक्षावाले नकोत, खाली बाजारपेठेतल्या सात दुकानांची यादी आणि वर मोठ्या अक्षरात बॉयकॉट. पाठवणाऱ्यांत माझे वर्गमित्र आहेत. एकाला मी फोन केला. तो म्हणाला, "अरे टिळकांनी पण केलाच होता ना?" मी म्हटलं, टिळकांनी मँचेस्टरवर केला होता. तुझ्या यादीतला चौथा माणूस आपल्या शाळेच्या बाहेर छत्र्या दुरुस्त करायचा. तो हसला. यादी त्याने ग्रुपवरून काढली की नाही, मला माहीत नाही. मीच त्या ग्रुपमधून बाहेर पडलो होतो. त्याला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

तर त्या बातमीचा पाठपुरावा लिहिला तेव्हा मी शीर्षकात 'वाळीत टाकलेल्या कुटुंबाची पोलिसांत धाव' असं लिहिलं. डेस्कवरून फोन आला, "वाळीत फार ग्रामीण वाटतं, बहिष्कृत करू का?" मी म्हटलं, राहू द्या. राहिलं.

गुन्हा २०१६ च्या कायद्याखाली नोंदवला गेला आहे, तपास चालू आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. शिमग्यात पालखी त्या दारावरून ढोल वाजवत पुढे गेली. बाईंनी तरी अंगण सारवून रांगोळी घातली होती. गिरणीवाला आता त्यांचं दळण घेतो. मात्र रात्री आठनंतर, मागच्या दाराने.